बाकातली बुजवलेली भोकं

मिस्त्रीकाका,

आज मंगळवार, ९ फेब्रुवारी १९५४. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली आहेत. आत्ताच मी सागाच्या दोन फळ्या कडेला कड लावून छपरीच्या दाराकडे धरल्या होत्या आणि मधून उजेड येतो का ते पाहत होतो. तुम्ही पाहायचे तसंच, एक डोळा मिटून. उजेड आला नाही. फळ्या उलट्या करून पुन्हा धरल्या, तरी नाही. मग त्या खाली ठेवल्या आणि चौथीपर्यंतच्या शाळेत जेवढं लिहायला शिकलो तेवढ्यावर हा कागद घेऊन बसलो. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. मी अजून तुमच्याच छपरीत, तुमच्याच सुतारकामाच्या बाकावर काम करतो. काकूंनी दुसऱ्या कोणाला तो दिला नाही.

काम वडनेरचं आहे. तिथल्या लोकांना वाचनालयासाठी कपाट पाहिजे. शिवारातला एक साग वादळात पडला, तो त्यांनी चिरून दोन वर्षं सावलीत वाळवला. त्यातून सात फुटी सहाच फळ्या निघाल्या. त्या फळ्या गाडीत घालून तिथले आबाजी आले, ते खाली उतरायच्या आधीच म्हणाले, "पोरा, सातवी फळी नाई. तुया हातानं एक जरी बिघडली तर पुस्तकं पेटीतच राह्यतीन, आन् मले गावात कोनी उभं करनार नाई." मिस्त्रीच्या हाताखाली शिकलेला पोरगा म्हणून ते एवढ्या लांब माझ्याकडे आले होते. आठ दिवस मी त्या फळ्यांना करवत लावली नाही. नुसत्या मोजत राहिलो. प्रत्येक वेळी त्या सहाच भरल्या.

तुम्हाला माझी खोड माहीत आहे. करवत रेघेवर लागते, हातभर नीट जाते आणि मग डावीकडे सरकते. मी पंधरा वर्षांचा असेन. तुम्ही माझ्यामागे उभे आहात, तोंडात सुपारी, आणि माझी करवत रेघ सोडून चालली आहे. "काऊन रे, तुया करवतीले तहान लागली का? नदीकडं पळून राह्यली." समोर बसलेली दोन गिऱ्हाईकं हसली. दुसऱ्या दिवशी मी फळीवर एक सरळ काठी ठोकली आणि करवत तिला घासून चालवली. तुम्ही ती काठी उपटली आणि चुलीकडे फेकली. मग म्हणालात, "काठी आंधळ्याले लागते. तुले देवानं डोळे देल्ले नं?" त्याच संध्याकाळी तुम्ही मला काटकोन पाहायचा तुमचा जुना गुण्या दिला, पितळेची कड झिजलेला. तो मी घेतला, पण काठीचं बोलणं मनातून गेलं नाही. त्यानंतर मी कधी काठी लावली नाही. माझी करवत डावीकडे जातच राहिली, आणि मी ते रंध्यानं झाकत राहिलो. रेघेबाहेर गेलेलं रंध्यानं काढता येतं. आत गेलेलं लाकूड कोण परत देणार?

म्हणून नवव्या दिवशी मी ठरवलं. लोहाराकडून एक लोखंडी पट्टी सरळ करून आणली. बाभळीचे दोन ठोकळे केले, त्यांना वरून खाच पाडली आणि बाकाच्या दोन टोकांना, कडेला लागून, खिळ्यांनी बसवले. पट्टी त्या खाचांत बसते, खाली सव्वा इंच जागा राहते, त्या जागेतून फळी सरकते. फळीचा जो भाग कडेबाहेर येतो तो पट्टीला घासून चालणाऱ्या करवतीनं जातो. पट्टी कितीदाही उचला, पुन्हा त्याच ठिकाणी बसली पाहिजे, एवढंच त्या ठोकळ्यांचं काम. आंब्याच्या एका जुन्या फळीवर करून पाहिलं तर खिळे हलले आणि ठोकळा फिरला. म्हणजे बाकाला आरपार भोक पाडून बोल्ट घालणं आलं. तुमच्या बाकाला भोक पाडायचं म्हणून आधी मनात माफी मागितली. मग जागा साफ करायला वर्षानुवर्षांचा वाळलेला सरस खरवडला.

खाली एक गोल दिसला. अंगठ्याएवढा, सागाच्या खुंटीनं बुजवलेला, रेषेला रेष जुळवलेला. मी दुसऱ्या टोकाला गेलो, तिथलाही सरस खरवडला. तिथेही एक. गुण्या लावला. दोन्ही कडेपासून बरोबर सव्वादोन इंच. बोल्टासाठी केलेली माझी खूणही सव्वादोन इंचांवर होती.

काकू अंगणात तूर पाखडत होत्या. मी विचारलं, हे काय आहे? त्यांनी सूप खाली ठेवलं आणि हसायलाच लागल्या. "सापडलं का तुले! अरे, आमचं लगन झालं तवा तुया काकाची करवत का सरळ चाले? दोन ठोकळे, वर पट्टी. कोनी येऊन राह्यलं दिसलं का उचलून कोठीमागं ठेवे. मले म्हने, सांगू नोको कोनाले."

"मग बुजवली कधी?"

"तुया बाप तुले इथं सोडून गेला नं, त्याच्या आदल्या दिवशी. दिवसभर खुंट्या घासत बसला होता. म्या म्हटलं, जेवून घेजो, तर म्हने पोरगं येऊन राह्यलं उद्या."

मला आधी राग आला, हे लिहून ठेवतो. इतकी वर्षं मला वाटत होतं की दोष माझ्या डोळ्यांत आहे. मग त्या खुंटीवर बोट फिरवलं. जोड हाताला लागत नव्हता. चौदा वर्षांच्या एका पोरासाठी तुम्ही दिवसभर बसून एवढं बारीक काम केलं होतं, त्यानं तुम्हाला चांगला मिस्त्री समजावं म्हणून. मला हसू आलं, आणि छातीवरचं काहीतरी उतरलं. तुमच्याच भोकांतून मी बोल्ट घातले. एक खुंटी अख्खी निघाली, ती गुण्याजवळ ठेवली आहे. चार दिवसांत सहाही फळ्या कापून झाल्या. करवत एकदाही रेघेच्या आत गेली नाही. रंध्याचे दोन-दोन हात पुरले.

एवढं लिहून होतं तोच आबाजी फळ्या पाहायला आले, म्हणून कागद बाजूला ठेवावा लागला. त्यांनीही फळ्या दाराकडे धरल्या, एक डोळा मिटला. मग म्हणाले, "मिस्त्री गेला, पन हात इथंच ठेवून गेला." काकू आतून सगळं ऐकत होत्या. त्या नुसत्या खोकल्या.

आबाजी आत्ताच गेले. हा कागद मी बाकाच्या खणात, खुंटीजवळ ठेवतो आहे. त्यांची गाडी येताना वळणावर दिसली तेव्हाच मी ठोकळ्यांवर आणि पट्टीवर पोतं टाकलं होतं. ते अजून तसंच आहे.