कॅसेटमधली तुमची जागा

आबा, काल बारामतीत तुमची ती कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. टेपवर नाही, माणसांनी, समोर बसून. पुण्याहून चौघं आले होते. एका जुन्या जॅझ गिटारवादकाची अख्खी रेकॉर्ड, आहे त्याच क्रमानं, असं पोस्टरवर होतं, आणि खाली तुमच्या कॅसेटच्या कव्हरवरचाच फोटो. मी आईला घेऊन गेले.

तुमच्या कारखान्यातले पुण्याचे साहेब बदलीवर जाताना ती कॅसेट तुम्हाला देऊन गेले, कारण जयंतीला गाणीपार्टीत वाजवताना त्यांनी तुमचं गिटार ऐकलं होतं. मला अजून दिसतं, आपल्या वरकुट्याच्या घरी स्वयंपाकघरात तुम्ही तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसलाय, नखांत अजून कारखान्याचं ग्रीस आहे, आई भाकरी थापतेय, आणि टेप थांबवत, मागं नेत तुम्ही एकेक सूर शोधताय. आई विचारते, "ह्यात म्हणायचं काय असतंय?" तुम्ही हसून टेप पुन्हा मागं नेता.

मी चौथीत होते. पंधरा ऑगस्टचं भाषण पाठ करताना मी त्या टेपची दोन बटणं एकदम दाबली. संध्याकाळी दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं निम्म्यावर आलं आणि आतून मीच बोलायला लागले, "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग..." तुम्ही मारलं नाहीत. दोन दिवस बोललाच नाहीत, ते जास्त लागलं. मग लाल बटणावर चिकटपट्टी लावलीत. "ह्याला परत कुणी हात लावायचा न्हाय." तिसऱ्या दिवशी तेच गाणं लावलंत, माझा आवाज आला तशी टेप बंद केलीत. "तुझं बोलून झालं, आता मला बोलू दे," म्हणालात, आणि पुढचं स्वतःच्या मनानं वाजवलंत. तुम्ही गेलात तोवर ते गाणं आपल्या घरात तसंच वाजायचं, निम्मं टेपवर, पुढचं तुमचं.

काल ते गाणं सुरू झालं. ती जागा आली. माझं भाषण आलं नाही, तुम्हीही आला नाहीत. गिटारवाला हळूहळू खाली उतरत गेला, मोजके सूर, मध्ये नुसती शांतता. तुम्ही तिथं वर चढायचात. आई माझ्या कानाशी लागली, "ह्यानं चुकवलं की गं." मी म्हणाले, "न्हाय आई, मूळचं असंच हाय." "मग तुझ्या आबांचं कुठलं?" "त्यांचं त्यांनीच केलेलं." टाळ्या पडल्या तरी तिनं हात हलवले नाहीत. घरी येताना एकदाच बोलली, "मला वाटायचं, समदं त्या कॅसेटीतलंच हाय. कधी चांगलं म्हणून बोलले न्हाय मी."

आज सकाळी मी चहा टाकत होते, तर आई मागं येऊन उभी राहिली. "त्यांचं टेप करून ठेवलं न्हवतं का गं?" मी नाही म्हणाले. "तुला येतंय न्हवं? गुणगुण की जरा." मी तोंड उघडलं तर कालच्या माणसाचे उतरते सूर बाहेर आले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. घसा बसलाय म्हणाले. "पण ध्यानात हाय न्हवं?" तिनं विचारलं. "व्हय," मी म्हणाले, "सगळं हाय." तेवढ्यावर ती समाधानानं चहा प्यायली.

हा कागद मी तिच्या नजरेस पडू देणार नाही. आबा, कालपासून तुमचं वाजवणं मला ऐकूच येत नाही.