आरशावरचा हार

शुक्रवार, संध्याकाळ

दसऱ्याला गोदामात फोर्कलिफ्टची पूजा झाली, तेव्हा झेंडूचा हार तिच्या आरशावर घातला होता. सुकला तरी तिथेच. परवा मी काढायला गेले, तर चालवणारे दत्तारामदादा म्हणाले, "ऱ्हाऊ दे गो, पूजेचा हाय."

आज दादा गाडी मागे घेत होते. मागे तुडील गावची सुनंदा खोकी उचलत होती. आरशात नुसता झेंडू. तिचा पाय चाकाखाली गेला. दादा खाली बसून लहान पोरासारखे रडले.

आणि सुपरवायझरनी काय करावं? गाडीपुढे नारळ फोडला आणि ताजा हार आणून घातला. परत आरशावरच! सगळ्यांनी हात जोडले. मीपण. का जोडले?

उद्या सुनंदाच्या जागी मला उभं राहायचंय.