कास्टिक एकशे चाळीस ग्रॅम

पहिले काट्याचं. माझा वजनकाटा मागच्या दिवाळीपासून घरात दिसत नव्हता. मुलाला विचारलं तर म्हणे, "मले नाही माहीत." सुनेला विचारलं तर म्हणे, "नाही पाहिला आई." नात मोबाईलमधून मान वर न काढता म्हणे, "आजी, नवीन मागवू ना ऑनलाईन." एक वर्ष मी काट्याशिवाय बसली. मागच्या महिन्यात सापडला, माळ्यावर, जुन्या कूलरच्या मागं, पोत्यात बांधलेला. काटा आपल्या पायानं शिडी चढत नाही. ज्यानं चढवला त्याचं नाव खाली येईल.

आता नमस्कार.

पुंडलिकराव गुरुजी समोर बसून आहेत. ते म्हणाले, मृत्युपत्र असं सुरू होत नसते, आधी नाव-गाव लिहा. म्हटलं, नाव-गाव कुठं पळून चाललं? तर लिहिते.

मी, कलाबाई चिंधूजी सोमकुवर, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण तिसरी, धंदा साबण करणे, राहणार मोहगाव, तहसील सौंसर, जिल्हा पांढुर्णा (आधी छिंदवाडा होता, घर तेच आहे), पुरती शुद्धीवर असून हे लिहून ठेवते. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, उजव्यानं चांगलं दिसते. मला कोणी धाक दाखवला नाही. दाखवू शकेल असं घरात कोणी नाही. याच्या आधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. तहसीलीत लिहिणारे हिंदीत लिहून देतात, पण मी साबण मराठीत शिकली, म्हणून हे मराठीत. अक्षर माझं, काना-मात्रा गुरुजींच्या.

कलम १. घर. मोहगावचं घर माझ्या नावावर आहे. त्याच्या दोन खोल्या आणि ओसरी माझा मुलगा प्रफुल्ल याला. छत गळते ते त्यालाच. चार वर्षांपासून म्हणून राहिला की या उन्हाळ्यात दुरुस्त करतो. उन्हाळे येऊन गेले.

कलम २. पोस्टाच्या पासबुकात जे असेल ते माझी मुलगी अर्चना हिला. ती पांढुर्ण्याला दिली आहे. डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तिनं मला दीड महिना ठेवून घेतलं, रोज औषधाचे थेंब टाकले आणि रोज एकदा बोलून दाखवलं. थेंबांबद्दल पासबुक. बोलण्याबद्दल पितळेची परात मिळणार नाही, ती नातीला, सायलीला.

कलम ३. मागच्या अंगणातलं टिनाचं शेड, त्यातली चूल, फळी आणि सगळं साबणाचं सामान माझी सून पूनम हिला, तिच्या एकटीच्या नावानं. प्रफुल्लनं तिथं मोटारसायकल लावू नये.

सामानाची यादी देते. सामान कसं वापरायचं हे माहीत नसलं तर ते भंगारात जाते, म्हणून तेही लिहिते.

कलम ४. साचा. हा माझ्या मालकांनी, चिंधूजींनी, केला. ते सौंसरला संत्र्याच्या पेट्या ठोकायचे. एका हंगामात उरलेल्या पाट्यांचा त्यांनी मला लांब डबा करून दिला, दोन्ही बाजू खिळा काढल्यावर उघडतात. आत तेल लावायचं नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन, कापून, चकचकीत बाजू वर करून अंथरायच्या, म्हणजे साबण लाकडाला धरत नाही. अर्चनानं हा डबा कोथिंबीर लावायला मागितला होता. मिळणार नाही.

कलम ५. दोन स्टीलचे गंज, म्हणजे पातेली. एक कास्टिक सोड्याचा, एक तेलाचा. त्यात पुन्हा वरण शिजवू नये. जर्मनचं भांडं, म्हणजे ते पांढरं हलकं, या कामाला कधीही घ्यायचं नाही. सौंसरच्या ट्रेनिंगहून शिकून आली तेव्हा पहिल्याच दिवशी मी घरातल्या जर्मनच्या गंजात कास्टिक कालवलं. ते फसफसलं, काळं पडलं, असा वास सुटला की शेजारची यमुना धावत आली. चिंधूजी कामावरून आले, म्हणाले, "भात कशात शिजवला?" म्हटलं, "भात नाही आज." त्यांनी गंज उचलून उजेडात धरला, त्याच्या बुडातून त्यांना माझं तोंड दिसलं. दुसऱ्या दिवशी स्टीलचा गंज घेऊन आले. आमच्या संसारात याला प्रेम म्हणत.

कलम ६. कृती. एक किलो तेलाची लिहिते. सरकीचं तेल अर्धा किलो, खोबरेल तीनशे ग्रॅम, मोहाच्या बियांचं तेल दोनशे ग्रॅम. मोहाचं नाही मिळालं तर त्याच्या जागी अंदाजानं दुसरं टाकू नये, कारण दर तेलाला कास्टिक वेगळं लागते. पाणीसुद्धा मापानं नाही, वजनानं घ्यायचं, तीनशे वीस ग्रॅम. कास्टिकचं वजन कलम ७ मध्ये येईल, तिथं थांबून वाचावं.

हे काम अंगणात करायचं, घरात नाही. नाका-तोंडाला दुपट्टा, हातात रबराचे मोजे, डोळ्यावर चष्मा. नंबरचा असो की उन्हाचा, डोळा झाकला पाहिजे. गंजात आधी पाणी घ्यायचं आणि त्यात कास्टिक थोडं थोडं सोडायचं. कास्टिकवर पाणी ओतायचं नाही, ते उसळून तोंडावर येते. आपोआप तापते, घाबरू नये, वाकून पाहू नये. अंगावर उडालं तर हात नळाखाली धरायचा, पाव तास, घड्याळ पाहून. त्यावर निंबू चोळू नये, टूथपेस्ट लावू नये. कास्टिक साबुदाण्यासारखं दिसते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, वर नाव लिहून, उंच फळीवर ठेवायचं.

दोन्ही गंजांना बाहेरून हात लावला की कोमट लागले पाहिजेत. मग कास्टिकचं पाणी तेलात बारीक धारेनं ओतायचं आणि रवीनं हलवायचं. आधी कढीसारखं दिसते, मग पातळ पिठल्यासारखं. पळीनं वरून धार सोडली आणि तिची रेघ क्षणभर वर राहिली की झालं. कोणी म्हणेल अजून हलवा, कोणी म्हणेल पुरे. रेघेला विचारायचं.

साच्यात ओतून वर गोधडी घालायची, एक दिवस उघडायचं नाही. दुसऱ्या दिवशी तारेनं वड्या कापायच्या, विळ्यानं कडा तुटतात. मग सुपात, सावलीत, वड्या एकमेकींना लागू न देता चाळीस दिवस. आठ दिवसांनी उलटवायच्या. चाळीस म्हणजे चाळीस. दिवाळी आली, लग्न आलं, गिऱ्हाईक दारात बसलं, तरी चाळीस. नंतर आधी आपले हात धुऊन पाहायचे, मग दुसऱ्याला द्यायच्या.

संत्र्याचं. आपल्याकडं संत्रं आलं की लोकांना वाटते ते सगळ्यात घालावं. साबणात साल वाळवून, वाटून, चाळून, किलोला एक चमचा. रस नाही. रसात आंबट असते ते कास्टिक खाते, गोड असते ते साबण तापवते. हे मी प्रफुल्लला तीन वेळा सांगितलं होतं. त्याचे कान त्याच्या आजोबांवर गेले आहेत.

कलम ७. हे कलम मला आधी लिहायचं नव्हतं.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी मी अर्चनाकडं डोळ्यासाठी गेलेली असताना नागपूरच्या एका दुकानदारानं दोनशे वड्या मागवल्या, संत्र्याच्या. प्रफुल्लनं मला न विचारता हो म्हटलं. साबण पूनमनं केला. रस प्रफुल्लनं ओतला. साबण साच्यातून वर आला, तपकिरी झाला, पूनमचा हात भाजला, त्यावर त्यानं निंबू चोळला. बारा दिवसांनी त्यानं वड्या कापून, "कलाबाईचा साबण" असे कागद गुंडाळून बसनं पाठवून दिल्या. लोकांच्या अंगाची आग झाली. सगळा माल बसनंच परत आला.

त्या दिवशी मी घरी होती, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून खाटेवर. अंगणात यमुना, तिच्या दोन सुना, बचत गटाच्या चार बाया. प्रफुल्ल सगळ्यांसमोर ओरडला, "माझ्या मायचं नाव घालवलं हिनं!" आणि मी म्हटलं, "अठरा वर्षं झाली सांगून राहिली, तरी हिला वजन जमत नाही." पूनम खाली मान घालून वड्या पोत्यात भरत होती. त्या दिवसापासून तिनं साबणाला हात लावला नाही. काटा प्रफुल्लनं माळ्यावर टाकला, पुन्हा कोणी करू नये म्हणून.

काटा सापडला तेव्हा त्याच पोत्यात पूनमची वही होती. लग्न होऊन आली त्या वर्षीची. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात लिहिलं आहे: "आई सांगतात, एक किलोला कास्टिक १७०."

तिनं बरोबर लिहिलं. मी तिला एकशे सत्तरच सांगितलं होतं.

मी स्वतः एकशे चाळीस घेते. पहिल्या दिवसापासून एकशे चाळीस. नवी सून आली, आठव्या दिवशी विचारू लागली, "आई, किती घालता?" मला वाटलं, हिला वजन कळलं की माझी खाट ओसरीत जाईल. म्हणून तीस वाढवून सांगितलं. पुढं अठरा वर्षं कास्टिक मीच तोललं, तिच्याकडं पाठ करून, त्यामुळं कोणाला कळलं नाही. मागच्या दिवाळीला तिनं पहिल्यांदा स्वतः तोललं, वहीत होतं तेवढं. रसानं साबण उतू गेला ते खरं. दिवस कमी पडले तेही खरं. पण चाळीस दिवस ठेवला असता तरी तो साबण आगच करणार होता. ती आग माझ्या तीस ग्रॅमची.

पूनमजवळ वही होती. त्या दिवशी पान उघडून माझ्या तोंडावर मारता आलं असतं. तिनं मारलं नाही. धाकानं की मानानं, मला माहीत नाही. कोणाच्या गप्प बसण्यावर मला जगायचं नाही.

तिला तोंडानं सांगायला मी दोन वेळा गेली. एकदा ती भाकरी थापून राहिली होती. म्हणाली, "काय पाहिजे आई?" म्हटलं, "मीठ." दुसऱ्यांदा कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "आई, आज पुन्हा मीठ?" तोंडानं होत नाही म्हणून लिहिते.

एक किलो तेल, वर सांगितलेलं, त्याला कास्टिक एकशे चाळीस ग्रॅम. अक्षरी एकशे चाळीस. गुरुजी, याला लाल शाईनं रेघ मारा.

कलम ८. वजनकाटा पूनमला. तोलताना तिनं कोणाकडं पाठ करू नये. सायलीला व्हिडिओ काढायचा तर काढावा, पण वजन पडद्यावर मोठ्या अक्षरात दाखवावं. कागदावर यापुढं "पूनमचा साबण" छापावं. माझं नाव मी बिघडवलं आहे, ते तिनं चालवत बसू नये.

कलम ९. मी मेली की मला माझ्याच साबणानं आंघोळ घालावी. दुकानातला वासाचा आणू नये. चार वड्या उंच फळीवर वेगळ्या ठेवल्या आहेत, वाळून दोन वर्षं झाली. पुण्यानुमोदनाला येतील त्यांना जेवण साधं द्यावं. रडण्याची सोय ज्यानं त्यानं आपली करावी.

कलम १०. गुरुजी म्हणतात मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. बाकीची कलमं तशीच वाचा. कलम ७ येत्या रविवारी सकाळी अंगणात वाचायचं, त्या दिवशी जे लोक होते त्यांच्यासमोर, तेच सगळे बोलावून. प्रफुल्लनं वाचायचं, मोठ्यानं. मी खाटेवर बसेन. पट्टी निघाली आहे, मला सगळ्यांची तोंडं दिसतील. वाचून झालं की त्याच दिवशी पूनमनं शेडात एक किलोचा घाणा मांडावा, मनात असेल तर. नसेल तर नाही, कोणी मागं लागू नये. मी रवी हलवायला बसेन, बोलावलं तर.

हे सगळं वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही केली. अंगठा नाही, सही. तिसरी शिकली आहे.

यमुनाबाईंचं म्हणणं पडलं की साक्ष देते तर मलाही त्या फळीवरच्या दोन वड्या लिहून दे. गुरुजींनी सांगितलं की साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देणं बरं नाही. यमुनाबाई म्हणाल्या, "हे आधी काऊन नाही सांगितलं?" पण सही केली.

सही: कलाबाई चिंधूजी सोमकुवर

साक्षीदार १: पुंडलिकराव, निवृत्त शिक्षक, मोहगाव
साक्षीदार २: यमुनाबाई, शेजारी, मोहगाव (नाराजीनं)

ठिकाण: मोहगाव, टिनाच्या शेडात
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

सहीच्या खाली लिहिलेलं चालते असं गुरुजींना विचारून लिहिते. रविवारनंतर मोहगावात, सौंसरच्या बसस्टँडवर, नाहीतर नागपूरच्या त्या दुकानात कोणीही विचारलं की तो साबण कोणामुळं बिघडला, तर पूनमला विचारू नये. मी आहे तोवर मी सांगीन. मी गेल्यावर प्रफुल्लनं सांगायचं, आणि "माझ्या मायमुळं" एवढंच सांगायचं.