लक्षुमीचं बियाणं

कळंब,
१६ मे १९९९

चि. सौ. हेमांगीस,

ताईचे आशीर्वाद. आई बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. वालीवच्या कारखान्यात मला आता पॅकिंगला घेतलंय. तुळिंजच्या बाजारात तुला हवी तशी साडी दिसली, पण रंग विटका वाटला. एवढंच सांगायचं असतं तर पोस्टकार्ड पुरलं असतं. पाकीट आणलंय ते दुसऱ्याच कारणाने, आणि लिहिता लिहिता सकाळपासून चारदा उठलेय.

तुझं पत्र आलं. ओटीतलं भात देव्हाऱ्यापाशी जपून ठेवलंयस आणि रोहिणी लागली की सासरी, वाड्याच्या शेतात पेरणार आहेस. हेमे, ते पेरू नकोस.

तू दिवाळीला यायच्या आधी आपल्या भाताच्या कणसांवर पिवळे गोळे आले होते. मी एक तोडायला गेले तर आई ओरडली, "कनसाला हात नको लावू, लक्षुमी हाय ती. औंदा घर भरनार." हळदकुंकू वाहिलं. बाबा गेल्यापासून तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

मी मात्र एक कणीस डब्यात घालून कृषी सहायकांकडे नेलं. त्यांनी गोळा कागदावर चोळला, हिरवट काळी पूड पडली. म्हणाले, "ही बुरशी आहे बाई. दाण्याच्या जागी वाढते. लोक लक्ष्मी म्हणून हेच बियाणं जपतात आणि रोग पुढच्या वर्षी पुन्हा शेतात नेतात. यातलं काही पेरू नका."

म्हणजे तू निघताना आईने तुझी ओटी भरली, तेव्हा मला माहीत होतं.

आईचं मन मोडवेना म्हणून गप्प बसले, असं लिहिलेली दोन पत्रं फाडली. ते निम्मंच खरं. लावणी मी केली, तणाची बेणणी मी केली, चिखल्या माझ्या पायांना झाल्या. आणि लक्ष्मी निघाली तुझ्या ओटीत, कारण तुझे भावजी गेल्यापासून माझी ओटी कोणी भरत नाही. आई म्हणाली, "यमे, तू जरा आत जा." गेले. हंड्यापाशी उभी राहून मनात म्हटलं, जाऊ दे तिच्याकडे, तिलाही कळू दे. सात महिने ते वाक्य माझ्याबरोबर कारखान्यात जातं आणि घरी येतं.

आणखी एक. आपल्या शेतासाठी मी आईला न सांगता नवं बियाणं आणून ठेवलंय. गेल्याच महिन्यात. तेव्हाही तुला कळवलं नाही.

ते भात चुलीत घाल. सासूबाई नको म्हणाल्या तर माझं नाव सांग. नव्यातलं पायलीभर घेऊन येत्या रविवारी येते. ओटीत मला घालता येणार नाही, दारात ठेवीन. तू आत बोलावलंस तर येईन, नाहीतर तशीच मागे फिरेन.

वर ताई लिहिलंय ते सवयीने. इथे लिहायचा धीर होत नाही.

यमुना