बी.कॉम. की बी.बी.ए.? होय.

६ मे
बारावी कॉमर्सचा निकाल. अठ्ठावन्न टक्के. बुककीपिंगला एकेचाळीस. ताळेबंद जुळला नव्हता, पण दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. तपासणाऱ्याच्या ते लक्षात आलेलं दिसत नाही. असो. मोठ्या फायनान्सवाल्यांना बुककीपिंग करावं लागत नाही. त्यासाठी माणसं ठेवलेली असतात.
ध्येय ठरलं आहे : सी.एफ.ओ., म्हणजे कंपनीच्या पैशांचा सगळ्यात मोठा साहेब. आता फक्त डिग्री ठरवायची.

७ मे
जेवताना अण्णांनी विषय काढला. आमचं तुळजापुरात पिढ्यान्‌पिढ्या पुजारीपण. यजमान दर्शनाला येतात ते आमच्याच घरी उतरतात. त्यांची पूजा, पाणी, जेवण, सगळं आम्ही बघायचं. अण्णा म्हणाले, यज्ञेश, शिकायचं तर खुशाल शीक, पण जुलैअखेर कुठं नाव लागलं न्हाय तर माझ्यासंगं यजमानांचं बघायचं. नुसतं लोळायचं न्हाय.
मला हसू आलं. जुलै! मला मे महिनासुद्धा जास्त होतो.
पण खरं सांगायचं तर ते काम मला नको. मला काचेच्या ऑफिसात बसायचंय, गळ्यात कार्ड घालून. पहाटे उठून परक्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायचं नाही. मुळीच नाही.

१० मे
मल्हारचा फोन. वर्गमित्र. शिकायला इथं मामाकडं होता, आता परत भूमला, त्याच्या गावी. घरी मेंढरं आहेत. म्हणाला, म्या इथंच बी.कॉम.चा अर्ज टाकला, तू बी धाराशिवला टाक, उगं लांबवू नको. त्याला समजावलं की डिग्री म्हणजे बाजारातली मेथी नव्हे, दिसली जुडी की घातली पिशवीत. आधी रिसर्च करावा लागतो. तो व्हय म्हणाला, पण पटलेलं वाटलं नाही. दृष्टी लागते.

१५ मे
रिसर्च जोरात. एका व्हिडिओत एक सर सांगतात की बी.कॉम. संपलं, आता बी.बी.ए. दुसऱ्या व्हिडिओत सांगतात की बी.बी.ए. संपलं, आता बी.कॉम. दोन्हीकडं सर तेच आहेत. शर्ट वेगळा.
बँकेतले एक यजमान उतरले होते. त्यांचं मत घेतलं. म्हणाले, बी.कॉम. कर, पाया पक्का होतो. त्यांचे जावई म्हणाले, बी.बी.ए. करा, पाया कोण बघतो? सासरे-जावयांची तिथंच जुंपली. अभिषेकाची वेळ टळली. अण्णांनी मला यजमानांशी करिअरवर बोलायला बंदी घातली आहे.

२७ मे
फार झालं. देवीलाच विचारलं.
देवळात मागच्या बाजूला चिंतामणीचा दगड आहे. मनात प्रश्न धरून त्यावर दोन्ही हात ठेवायचे. उजवीकडं वळला तर होय, डावीकडं वळला तर नाही, हललाच नाही तर थांबा. लांबलांबून लोक विचारायला येतात. आम्ही तर घरचेच.
डोळे मिटून विचारलं : आई, बी.कॉम. करू की बी.बी.ए.?
दगड झर्रकन उजवीकडं वळला. होय.
एवढा स्पष्ट कौल मिळाल्यावर आनंदात घरी आलो. आईला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, अरे, तिथं होय-न्हायचं विचारतात! पुजाऱ्याच्या पोटी जन्मलास आणि 'हे की ते' विचारून आलास? मी म्हणालो, परत विचारून येतो. तर म्हणाली, एका कामाला दोनदा विचारायचं न्हाय, देवी काय चौकशीची खिडकी हाय?

२८ मे
रात्रभर विचार केला आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. देवी 'होय' म्हणाली. म्हणजे दोन्ही!
दोन डिग्र्या एकदम करायच्या. आईला अध्यात्मातलं कळतं, पण शिक्षणक्षेत्र तिचं नव्हे.

८ जून
वेळापत्रक तयार. सकाळी बी.कॉम., दुपारी बी.बी.ए., रविवारी शेअर मार्केट. पहाटे पाचला उठायचं. उद्यापासून.

९ जून
साडेनऊला उठलो. पाचचा गजर वाया गेला नाही, अण्णा उठले.

२१ जून
बी.बी.ए.ला सी.ई.टी. लागते. ती आधीच होऊन गेली. जागा उरल्या म्हणून आणखी एक घेणार आहेत. तिच्या नोंदणीची मुदत काल संपली.
हे कुठल्याच व्हिडिओत नीट सांगत नाहीत. तीन मिनिटांपुढं मी बघत नाही हे खरं, पण महत्त्वाचं आधी सांगायला नको का?
शांतपणे विचार केल्यावर कळतं की देवीचा 'होय' बी.कॉम.लाच होता. मीच उगाच ताणलं.

५ जुलै
धाराशिवच्या कॉमर्स कॉलेजची पहिली यादी लागली. त्यात मी नाही, कारण मी अर्ज केलेला नाही. सोलापूर की धाराशिव ही तुलना चालू आहे. घाईनं सही करणारा माणूस फायनान्सला नालायक.
मल्हारनं वर्गाचा फोटो पाठवला, भूमला तास सुरूही झाले. पहिल्या बाकावर बसलाय. पहिल्या बाकावरून वर्गाचं बिग पिक्चर दिसत नाही.

१९ जुलै
दुसरी यादीही लागून गेली. अण्णा फक्त कॅलेंडरचं पान वर करून बघतात आणि सोडतात.

३० जुलै
उरलेल्या जागांचे प्रवेश आज जागेवरच देणार होते. पहिल्या गाडीनं धाराशिव गाठलं. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात फाईल. रांगेत चांगला पुढं होतो.
माझ्यामागं मुरुम गावचे बंडप्पा म्हणून एक गृहस्थ, सोबत मुलगी अक्षरा. बंडप्पांनी विचारलं, सर, पोरीला बी.कॉम.ला घालावं का नर्सिंगला?
सर म्हणाले. मला! इतकं बरं वाटलं की मी सर नाही हे सांगायचं राहून गेलं.
सगळं समजावलं. बी.कॉम., बी.बी.ए., सी.ए., शर्ट बदलणारे सर, सगळं. आजूबाजूची माणसं जमली. कुणीतरी खुर्ची आणली. बंडप्पा म्हणाले, सर, तुमी रांगेत कशापाई? सावलीत बसा की. तेही खरंच. सर लोक रांगेत उभे राहत नाहीत. बसलो.
एकेकाला सांगत गेलो : बी.कॉम. घ्या, पाया पक्का होतो. लोक हात जोडून खिडकीकडं जात होते. बंडप्पा शेवटपर्यंत ऐकत थांबले, मग माझा नंबर घेऊन पोरीसकट खिडकीकडं गेले. असा दिवस आयुष्यात आला नव्हता.
मग उठून खिडकीवर गेलो. क्लार्क म्हणाले, जागा संपल्या. शेवटची आत्ताच गेली, ती मुरुमची मुलगी. मी म्हणालो, अहो, तिला मीच सांगितलं. ते म्हणाले, चांगलं केलंत, पुढल्या वर्षी या.
परतीच्या गाडीत बसायला जागा होती, तरी उभाच राहिलो.
अण्णांना सांगितलं. रागावले नाहीत. उद्या नांदेडचे यजमान येणारेत, एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

११ ऑगस्ट
पहाटे पाचला उठलो. आता रोजच उठतो.
बंब पेटवला. यजमानांची पहिली बादली भरत होतो, तेवढ्यात बंडप्पांचा फोन. एवढ्या सकाळी. म्हणाले, सर, अक्षराचे तास सुरू झाले, लई खूश हाय. तुमचे पाय धरायला कॉलेजात हुडकत होती, तुमी दिसला न्हाय. कुठल्या वर्गाला शिकवता तुमी?
बादली भरून वाहत होती. नळ बंद केला. मी म्हणालो, यंदा रजेवर आहे.
ते म्हणाले, व्हय का? तब्येतीला जपा, सर.
जपतो म्हणालो.