सुकेळीत साखर कुठे?

६ जानेवारी

सोळाशे मीटर — पाच मिनिटं बत्तीस सेकंद. नवे बूट भिकार आहेत.

पाच दहाच्या आत यायला हवं. पोलीस भरतीचं ग्राउंड सतरा फेब्रुवारीला, आणि डिसेंबरात मी पाच चौदा पळत होतो! अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, ओल्या वाळूत! आज तो नायगावच्या टॉवरमधला हर्षवर्धन माझ्या पुढे गेला. मनगटावर महागडं घड्याळ, डब्यात उकडलेली अंडी, आणि पळतो असा जणू देवळाबाहेरून चपला चोरीला गेल्यात. तो पुढे, मी मागे. शी!

घरी आलो तर महाराणी ओटीवर. हेमांगी — माझी धाकटी बहीण. वय एकोणीस, डायबेटिस मात्र सत्तरीतल्या बाईला शोभेल असा. वाडीतून आलेले केळ्यांचे क्रेट आत घे म्हटलं तर म्हणते, "दादा, पाय भरून आलेत रे." पाय भरून यायला आधी ते हलवावे लागतात! दोन वर्षं हे चाललंय. आई क्रेट उचलते आणि ही बोटाला सुई टोचून आकडे लिहीत बसते.

९ जानेवारी

पाच छत्तीस. वारा समोरून होता.

१२ जानेवारी

महाराणींचं नवीन खूळ. मुंबईच्या कुठल्याशा इस्पितळात अभ्यास चाललाय — डायबेटिस असलेल्या तरुण पोरांचे स्नायू साखर कशी जाळतात म्हणे. हिचे स्नायू! आधी सापडू तर देत.

पण तुलनेसाठी घरातलं एक धडधाकट माणूस सोबत लागतं. "चल ना दादा. तू आला नाहीस तर मला पण घेणार नाहीत. बघतील तरी, तू कसला फिट आणि मी कशी!" हे मात्र खरं बोलली. त्याच आईबापाची दोन पोरं, एक असं आणि एक तसं. जातो. कोण आळशी आहे ते एकदा मशीननेच सांगू दे.

अंगणात मांडवावर सुकेळी वाळतेय. राजेळी केळी यंदा झकास उतरलीत. पळायला जाताना चार, आल्यावर चार खातो, वर दूध. हेमांगी बोट लावत नाही. डॉक्टरांनी नको सांगितलंय! आई चिडते, "अगं, सुकेळीत साखर कुठे? एक दाणा तरी घालतो का आपण? उन्हात वाळलेलं फळ ते!" बरोबर आहे. पणजोबांपासून आमचं घर सुकेळीवर वाढलं. हिलाच तेवढी बाधते.

१६ जानेवारी

पाच एक्केचाळीस. ग्राउंडवर दगड फार.

वजन चार किलो उतरलं. अंगाला कटिंग मस्त येतंय, स्नायू दिसायला लागलेत. पँट कमरेवर राहत नाही. पाण्याच्या दोन बाटल्या नेल्या, दोन्ही संपल्या. माणूस मेहनत करतो तेव्हा तहान लागतेच. ज्यांना घाम येत नाही त्यांना काय कळणार?

हेमांगी विचारत होती, "दादा, मोरीत एवढ्या मुंग्या कशा होतात रे?" म्हटलं, झाडू नावाची वस्तू असते, ती हातात धरून बघ.  मग मला किती वेळा लघवीला जावं लागतं ते विचारायला लागली! लाज आहे का काही?

२० जानेवारी

आमचे भरतीचे ट्रेनर परेश सर आज सगळ्यांसमोर ओरडले. "आळशी झालायस तू, प्रितेश! पाय उचल! सात महिने घासलंस आणि आता ऐन वेळी झोपतोस?"

आळशी! मी! पहाटे पाचला उठणारा मी! पोटऱ्यांत गोळे आलेले, तरी शेवटची फेरी पुरी केली. आणि हा माणूस स्वतः शिट्टी फुंकून दमतो. हर्षवर्धन बाजूला उभा राहून घड्याळ बघत होता.

दुपारी जेवून आडवा झालो तो साडेपाचला उठलो. आई म्हणाली, "दमतो गं पोरगा." हेमांगी नुसती बघत होती.

२४ जानेवारी

आज इस्पितळ. पप्पांच्या मालाच्या टेम्पोतून गेलो. उपाशी या असं सांगितलेलं. हेमांगी राहिली उपाशी. मी वाटेत चार सुकेळ्या खाल्ल्या, ती पाणी प्यायला उतरली तेव्हा. खाल्ल्याशिवाय माझा पाय चालत नाही.

डॉक्टर उर्सुला आपल्या वसईच्याच. बोलायला गोड, बाकी प्रकार पोरखेळ. बोगद्यासारख्या मशीनमध्ये झोपायचं आणि पंजाने पेडल दाबत राहायचं. मग थांबायचं. दाबताना पोटरीतलं इंधन संपतं, ते परत भरायला किती वेळ लागतो ते पडद्यावर रेघ काढून दाखवतात. सात महिने पळतोय, आणि माझी किंमत एका पेडलवर ठरवणार!

हेमांगीची रेघ हळू चढली. डॉक्टर तिला म्हणाल्या, "हा आळस नाही गं. तुझं शरीर इन्सुलिन बनवतं, पण स्नायू त्याचं ऐकत नाही. साखर रक्तातच फिरत राहते, स्नायू उपाशीच. पाय भरून येणारच." ही रडायला लागली. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी सर्टिफिकेट दिलं ना! मला हसू आलं. स्नायू ऐकत नाही म्हणे. आमच्या घरात तरी कोण कुणाचं ऐकतं?

माझी रेघ तिच्यापेक्षाही हळू चढली.

मशीन बिघडलेलं असणार. तिच्यानंतर लगेच मला घातलं, तापलं असेल. बोटाला टोचून साखर बघितली तर दोनशे एकसष्ट! म्हटलं, सुकेळी खाऊन आलोय. "उपाशी यायला सांगितलं होतं ना?" म्हणाल्या, आणि दंडातून नळीभर रक्त काढून घेतलं. यात तीन महिन्यांची साखर कळते म्हणे. काढा! चार सुकेळ्यांनी तीन महिने थोडेच बदलतात.

२७ जानेवारी

पाच बावन्न.

काही लिहायचं नाही.

१ फेब्रुवारी

इस्पितळातून बोलावणं आलं. एकटाच गेलो. खरंच उपाशी गेलो, पाण्याशिवाय काही नाही.

तीन महिन्यांची साखर — नऊ पॉइंट चार. आजची उपाशीपोटी — एकशे अठ्ठ्याण्णव. उर्सुला मॅडमनी कागद माझ्याकडे फिरवला. मी म्हटलं, पोटावर चरबी दाखवा माझ्या! म्हणाल्या, "सडपातळ माणसालाही होतो. घरात आहेच, आणि तू रोज काय खातोस ते तूच सांगितलंस." मग तेच सगळं — स्नायू ऐकत नाही, साखर रक्तातच. हेमांगीला सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं! निदान मला तरी वेगळं काही सांगायचं.

गोळ्या दिल्या. पळणं सोडू नकोस, पळण्यानेच स्नायू पुन्हा ऐकायला लागतो, पण साखर बघून पळ. आणि सुकेळी बंद. म्हटलं, त्यात साखर घालत नाहीत. त्या हसल्या नाहीत. "केळ्यातलं पाणी उडून जातं, साखर कुठे जाते?" म्हणाल्या. वसईच्या आहेत, त्यांना ठाऊक असणारच.

सतराला ग्राउंड. मेडिकल पुढे. काय सांगू तिथे? आईला काय सांगू?

घरी येऊन हेमांगीवर फुटलो. तू नेलंस म्हणून हे झालं! नसतो गेलो तर पळालो असतो, लागलो असतो! तुझी पनवती मला लागली! तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आईला मी काही सांगितलेलं नाही." आणि आत गेली. मला तिचा भयंकर राग आला. अजून आहे.

२ फेब्रुवारी

पळालो नाही. सुकेळीचा वास घरभर आहे.

४ फेब्रुवारी

उपाशी — एकशे शहाऐंशी. हेमांगीने टोचलं. माझं बोट तिने घट्ट धरलं.

गोळी जेवणाआधी की नंतर हे विचारायला डॉक्टर उर्सुलांना फोन केला. बोलता बोलता म्हणाल्या, "तुलनेची माणसं आम्हाला डिसेंबरातच मिळाली होती, तुझी गरज नव्हती. तुझी बहीण दोनदा माझ्यासमोर येऊन बसली. भावाची तहान, वजन, मोरीतल्या मुंग्या, सगळं तारखेनिशी लिहून आणलं होतं. म्हणाली, तपासणीला चल म्हटलं तर तो येणार नाही. मला हिणवायला मिळेल असं वाटलं तरच येईल."

संध्याकाळी वाडीतून आलेले केळ्यांचे क्रेट मी आत घेतले. तीनदा बसावं लागलं. ती ओटीवरच होती.