संत्रा मंजनाचा मार्केट रिसर्च

२४ ऑगस्ट १९८६, रविवार. सौसर.

आजपासून रोजनिशी. मार्केटिंगच्या पोस्टल कोर्सच्या सहाव्या पाठात लिहिलं आहे की एक्झिक्युटिव्हनं दिवसाचा आढावा लिहून ठेवावा. पाचवा पाठ आलाच नाही, टपालात गहाळ झाला असेल. काही बिघडत नाही.

आढावा : थकलो.

परिस्थिती अशी. मामाजींचा, म्हणजे माझे सासरे पुंडलिकराव यांचा, काळ्या दंतमंजनाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घरामागची खोली, एक ड्रम आणि पुड्या भरायला शांताबाई. सोसायटीतली नोकरी सुटली तेव्हा मी आणि नलिनी इथं तात्पुरते आलो, त्याला चार वर्षं झाली. लोक घरजावई म्हणतात. लोकांना तात्पुरतं म्हणजे काय ते कळत नाही.

आज मामाजींपुढे प्लॅन मांडला. मंजनाला नवं रूप, मग मार्केट रिसर्च, मग शेजारच्या पांढुर्ण्याचा बाजार काबीज. मामाजी सुपारी कातरत होते. म्हणाले, दसऱ्यापर्यंत पांढुर्ण्याच्या दुकानांची ऑर्डर आणून दाखवा जवाईबापू, तिथली एजन्सी तुमच्या नावानं करून देतो.

नलिनीला सांगितलं. पांढुर्ण्यात स्टेशनच्या रस्त्यावर मनोहररावांच्या दोन खोल्या खाली आहेत, हे तिला आधीच माहीत होतं. तिथं चूल माझी असंल, म्हणाली. कोणी मागून झाकण उघडून पाहणार नाही. दसऱ्याला आपण तिथं, असा शब्द दिला. मग ती पोळ्या लाटता लाटता गुणगुणत होती. चार वर्षांत ऐकलं नव्हतं.

२७ ऑगस्ट, बुधवार.

रिसर्च सुरू. पहिली मुलाखत शांताबाईची. चौदा वर्षं मंजनाच्या पुड्या भरून राहिली, आणि दात घासते तंबाखूच्या गुडाखूनं! आपलंच मंजन का नाही विचारलं, तर म्हणे, दिवसभर तेच नाकातोंडात जाते न बाप्पा, सकाळी उठून अजून काहून घालू? कामगारांत कंपनीबद्दल आपलेपणा नाही. तिला अर्धा तास समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि रोजी कधी वाढवता म्हणून विचारलं. विषयांतर.

माझी मागची दाढ ठणकून राहिली आहे. निंबाची काडी जून असावी. उद्यापासून कोवळी घ्यावी.

३१ ऑगस्ट, रविवार.

पोळा तोंडावर आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे मारतात. एवढी माणसं एका जागी, म्हणजे आयतं मार्केट. गोटमारीत सॅम्पल वाटावं असं सुचवलं. मामाजी म्हणाले, पहिले दात त राहू द्या लोकायचे.

जुन्या पिढीत जोखीम घ्यायची हिंमत नाही. मीही जाणार नव्हतोच, दाढ दुखते.

६ सप्टेंबर, शनिवार.

सापडलं! नजर जाईल तिकडे संत्र्याचे बगीचे. असल्या मुलखात काळा रंग कशाला विकायचा? संत्र्याचा रंग, संत्र्याचा वास, नाव 'संत्रा मंजन'. नागपूरहून रंग आणि अर्क मागवला, कोळशाऐवजी खडूची भुकटी घातली आणि ड्रम घोटला. हात भरून आले, पण काय रंग उतरला!

नलिनीनं चिमूट तळहातावर घेतली आणि म्हणाली, हा त शेंदूर दिसून राह्यला. मामीजींनीही, म्हणजे सासूबाईंनीही, मान हलवली. पण घरच्या माणसांना कंझ्युमर धरता येत नाही, त्यांचं मत शास्त्रात बसत नाही. दुर्लक्ष केलं.

११ सप्टेंबर, गुरुवार.

लेबलं छापून आली नाहीत. छापखानेवाला म्हणे मशीन बिघडली. परवाचा जामसांवलीच्या मारुतीचा शनिवार चुकवून चालणार नाही, तेव्हा माल साध्या कागदाच्या पुड्यांत बांधला. चांगल्या मालाला लेबल लागत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार.

जामसांवलीला मारुतीची शनिवारची गर्दी. मंदिराच्या वाटेवर टेबल मांडून फुकट सॅम्पल वाटलं.

असं यश मी जन्मात पाहिलं नाही. कोणी न सांगता लोक रांगेत उभे राहिले. पुडी दोन्ही हातांनी घ्यायचे, कपाळाला लावायचे, बाया पदराच्या गाठीत बांधायच्या. एवढा मान कुठल्या साबणाला मिळतो? कोर्समध्ये याला ब्रँड लॉयल्टी म्हणतात, आणि ती बसायला वर्षं लागतात म्हणे. मला एक सकाळ पुरली.

वापरायची पद्धत एकेकाला समजावली. रोज सकाळी, चिमूटभर, बोटानं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, आंघोळ करूनच ना? म्हटलं, बिनआंघोळीचं चालतं. त्याला ते पटलं नाही. एका बाईनं सुनेसाठी जास्तीची पुडी मागितली, सुनेच्या अंगात येते म्हणे. दिली. दातांचा डोक्याशी संबंध असतोच. जाताना ती बाई माझ्या पाया पडली. संकोच वाटला. पण खरं लिहितो, चार वर्षांत माझ्याकडे इतक्या मानानं कोणी पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले.

घरी येऊन नलिनीला म्हटलं, पडद्याचं कापड घे. तिनं पेटीतून सुतळी काढली. गेल्या महिन्यात पांढुर्ण्याला गेली होती तेव्हा त्या खोल्यांच्या खिडक्यांचं माप सुतळीला गाठी मारून घेऊन आली होती. मला काही बोलली नव्हती.

२० सप्टेंबर, शनिवार.

पुन्हा जामसांवली. गेल्या खेपेचे कंझ्युमर गाठून प्रश्न विचारले. पुडी कुठे आहे? देवापाशी. रोज घेता का? रोज. समाधान आहे का? होय बा, लय गुण आला. चवीबद्दल कोणी काही बोललं नाही, म्हणजे तक्रार नाही. एकीच्या पोराचा ताप उतरला. हा फायदा आपल्या ध्यानातच नव्हता.

मामाजींना रिपोर्ट दिला : समाधान शंभर टक्के. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग विचारलं, याच्यातल्या कोनं दात घासले का?

असे प्रश्न विचारणाऱ्या माणसानं एवढी वर्षं धंदा कसा केला, हाच संशोधनाचा विषय आहे.

पडदे शिवायला घेतले आहेत. निळ्यावर पांढरी फुलं. दाढ जास्त.

२७ सप्टेंबर, शनिवार.

लेबलं आली. सकाळच्या बसनं पांढुर्णा. उभ्यानं.

पहिल्या दुकानदारानं पुडी उघडली, चपला काढल्या, पुडी गल्ल्यावरच्या मारुतीच्या फोटोपुढे ठेवली आणि मला चहा पाजला. ऑर्डरचं विचारलं तर त्यानं हात जोडले. जामसांवलीचा शेंदूर मी कोण विकनारा, म्हणे. आमच्या घरी फुकटच आला आहे. दुसऱ्या दुकानात एक बाई उभी होती. लेबलावरचं दंतमंजन वाचून तिनं तोंडावर हात ठेवला. अवं माय, देवाचा शेंदूर दाताले घासाचा? अन् थुकाचा?

इथं प्रात्यक्षिक द्यावं, असं आठवा पाठ सांगतो. भर बाजारात बोटानं दात घासून दाखवले आणि चूळ भरून थुंकलो. ते करायला नको होतं. लोक जमले. कोणी हात उचलला नाही, हे पांढुर्ण्याच्या मानानं मोठंच म्हणायचं. दोघा जणांनी मालाची पिशवी काढून घेतली आणि मला बसस्टँडपर्यंत पोचवून दिलं. माल त्यांनी फुलं वाहून जाम नदीत शिरवला, म्हणजे विसर्जन केला, असं कंडक्टरनं सांगितलं.

निष्कर्ष : मालाची इज्जत फार वर गेली आहे. थोडी खाली आणावी लागेल.

स्टँडवर मनोहरराव भेटले. खोल्यांना दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणाले, दसऱ्यापर्यंत थांबतो. म्हटलं, थांबाच.

३० सप्टेंबर, मंगळवार.

निर्धार : जामसांवलीला जाऊन सगळ्यांना खरं सांगायचं, की बाबांनो, हे मंजन आहे. देवाचा धाक सुटला की माल सुटेल.

गेलो. पहिलीच भेटली ती सुनेसाठी जास्तीची पुडी नेणारी बाई. सूनही सोबत होती, अशक्त, डोक्यावरून पदर, कपाळाला माझं मंजन. बाई म्हणाली, दोन हप्ते झाले दादा, पोरगी निवांत झोपून राह्यली. घासभर खाते. तुमचं भलं होईल. सून माझ्याकडे पाहून हसली. दात चांगले होते.

सांगता आलं नाही. दाढेमुळे असेल. तसाच परत आलो.

८ ऑक्टोबर, बुधवार.

गाल सुजून डोळा झाकला. अन्न जात नाही. दुपारी मामीजी काही तरी पुटपुटत आल्या आणि माझ्या कपाळाला बोट टेकवलं. म्हणाल्या, शेजारणीनं जामसांवलीचा शेंदूर देला आहे, पडून राहा.

वासावरून ओळखलं. संत्रा.

संध्याकाळी ठणका उतरला. कोणाला सांगितलं नाही.

मागच्या खोलीत ड्रमचा आवाज येत होता. उरलेला सगळा संत्रा माल मामाजींनी शांताबाईकडून काळ्यात घोटवून घेतला. रंग काळाच राहिला म्हणे. तिळभर फरक नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार.

दसरा झाला. सोनं देताना मामाजी म्हणाले, एजन्सीचं पुढच्या साली पाहू जवाईबापू. वाईट बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मनोहररावांच्या खोल्यांत रेल्वेतला एक बाबू सामान घेऊन आला, असं कळलं. नलिनीला कसं सांगायचं याचा विचार करत होतो. तिला आधीच कळलं होतं.

दुपारी जेवून खोलीत आलो तर उजेड निळा. आमच्या या खोलीच्या खिडकीला पडदा लागला होता. पांढुर्ण्याची खिडकी मोठी, ही लहान, म्हणून तिनं कापून बेतला होता. माप बरोबर बसलं आहे. म्हटलं, छान केलंस, तात्पुरता लावलास ते. ती म्हणाली, तो शब्द आता माझ्यापुढे काढू नका. आवाज चढवला नाही. भांडी घासायला निघून गेली.

टाके कच्चे असतील, वेळ आली की उसवता येतील, म्हणून काठ उलटून पाहिला. मशीनची दुहेरी शिलाई. पडदा टांगला होता तो त्याच सुतळीवर. मापाच्या गाठी तशाच होत्या.

सोडवून पाहिल्या. सुटत नाहीत.